मोहोराला भिणारे भाऊकाका

भाऊकाका रोज सकाळी ओटीच्या कडेला पणती लावीत आणि लगेच फुंकून विझवीत. ही देवापुढची पणती नव्हे. ती लावायची, आपण हातभर मागं सरून मांडी घालायची, आणि फुंकर मारायची. विझली तर दिवस बरा. ज्योत नुसती मान डोलावून पुन्हा ताठ उभी राहिली, तर भाऊकाका कानाला मफलर गुंडाळून आत जात, आणि मग अख्खी रत्नागिरी पेटली असती तरी बाहेर आले नसते. फुंकून दिवा मालवणं हा अपशकुन, म्हणून आळीतल्या बायका त्या वेळी त्यांच्या घराकडे बघायच्या नाहीत. भाऊकाका म्हणत, "शकुनानं छाती भरत नाही हो, वाऱ्यानं भरते."

भाऊकाका म्हणजे आमच्या झाडगावातलं एक उंच, हडकुळं आणि सदोदित भ्यालेलं माणूस. मांडवी बंदरावर कारकुनी करून पेन्शनीत निघालेले, घरात एकटे. तिशीत दमा लागला आणि तो घरच्या माणसासारखा कायमचा राहिला. लोक सापाला भितात, भुताला भितात. भाऊकाका केरसुणीला भीत. कोणी अंगण झाडायला लागलं की ते ओला पंचा तोंडावर धरून मागल्या दारी पळत. मिरच्या कांडण्याचा आवाज आला की तिन्ही दारं बंद. काजूच्या टरफलांचा धूर, भाताचं तूस, सुक्या मासळीची पाटी, पावसाळ्यात भिंतीला येणारी बुरशी, सगळी त्यांची वैरी. रस्त्यात कोणी भेटलं तर "काय, बरं आहे ना?" असं ते विचारीत नसत. बोट तोंडात ओलं करून वर धरीत आणि विचारीत, "वारा कुठचा हो?"

मी मराठी शाळेत मास्तर. संध्याकाळी घरी परतताना त्यांच्या फाटकापाशी माझी जकात ठरलेली. "तिथंच थांब मास्तर. खडू घेऊन आलायस अंगावर. धोतर झटक. इकडं नको रे, वाऱ्याच्या पलीकडं झटक." भर रस्त्यात माझं धोतर झटकणं बघायला पोरं जमत. शाळेत माझा दरारा बसला नाही, त्याचं मूळ तिथं आहे असं माझं मत आहे.

दुसऱ्याच्या छातीत काय वाजतं ते ऐकायची त्यांना भारी हौस. त्यासाठी बांबूची एक गुळगुळीत नळी त्यांनी करून घेतली होती. तिचं एक टोक तुमच्या पाठीला, दुसरं त्यांच्या कानाला. शिमग्याला मुंबईहून चाकरमानी आले की त्यांना हाका मारमारून ओटीवर बसवीत. एकदा एकाची पाठ ऐकून म्हणाले, "गिरणीत आहेस. कापूस पिंजतात तिथं. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळते, होय ना?" तो म्हणाला, "व्हय. तुमका कोनी सांगलान?" पण म्हणून त्यांना धन्वंतरी समजू नका. आमची आळी चढावर. चढून धापा टाकणाऱ्या पोस्टमनलाही त्यांनी दमेकरी ठरवून वाटीभर अडुळशाचा काढा पाजला होता. त्यानंतर तो बिचारा कितीतरी दिवस खालूनच हाका मारून आमची पत्रं देत असे.

पण त्यांची सगळ्यांत मोठी भीती म्हणजे आंब्याचा मोहोर. रत्नागिरीत राहून मोहोराला भिणं म्हणजे पाण्यात राहून पाण्याला भिणं. पौष लागला की बाकीचं गाव माना वर करून कलमांकडे बघतं, मोहोर आला की पोटात साखर पडते. भाऊकाका तेव्हा खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबून माजघरात बसत. दम्याला उतार म्हणून धोतऱ्याची वाळवलेली पानं विडीत घालून ओढीत, काळी कॉफी पीत, आणि मोहोर झडेपर्यंत दिवसाचं तोंड बघत नसत. लोक त्यांना हसत. मीही हसायचो.

एका माघात माझं हसणं थांबलं. माझी धाकटी बहीण यमू हिला सासरच्यांनी मालगुंडाहून आणून घातलं. खोकला, धाप, रात्र रात्र बसून काढायची. तिचे सासरे अण्णासाहेब मोठे बागाईतदार, माणूस सज्जन. पण त्यांचा थोरला मुलगा, यमूचा दीर, क्षयानं गेलेला. तोही खोकण्यापासूनच सुरू झाला होता. यमूचा खोकला ऐकल्यावर त्यांना थोरलाच आठवला असणार. यमूचं आठ महिन्यांचं बाळ त्यांनी ठेवून घेतलं आणि तिला आमच्याकडे सोडलं. "मुलीचं काय ते होवो," ते मला म्हणाले, "पोर वाचलं पाहिजे." हे बोलताना त्यांचे डोळे भरलेले होते, म्हणून मला रागावताही येईना.

घरात क्षय म्हटलं की काय होतं ते त्या काळच्या माणसालाच ठाऊक. यमूची ताटवाटी वेगळी झाली. माझ्या मुलांना आत्याच्या खोलीकडे फिरकू देईनात. यमू कधी रडली नाही. फक्त संध्याकाळी, बाळाच्या दुधाच्या वेळेला, भिंतीशी जाऊन बसायची. मला तर तिच्या खोकल्यापेक्षा त्या बसण्याची जास्त धास्ती वाटे.

आमच्या आळीतल्या डॉक्टरांनी तिची थुंकी दोनदा तपासली. काही सापडलं नाही. ताप नव्हता, वजन उतरत नव्हतं. खिडक्या बंद करून ठेवल्यावर धापही कमी झाली. "मला दमा वाटतो," ते म्हणाले. "मोहोरानं उठणारा. पण छातीचा फोटो काढायचा तर बोटीनं मुंबई गाठायला हवी, आणि एवढा प्रवास तिला झेपायचा नाही."

अण्णासाहेब निकाल ऐकायला आले. ओटीच्या अगदी कडेला बसले. पाणी पुढं केलं ते घेतलं नाही. सगळं ऐकून म्हणाले, "दमा म्हाताऱ्यांना होतो, डॉक्टर. वीस वर्षांच्या पोरीला कसला दमा? आणि मोहोरानं? आमच्या घरात चार पिढ्या आंबा आहे. आमच्या पोरांची न्हाणी कलमांखाली झाली. मोहोरानं माणूस आजारी पडतं हे आजच ऐकतो. थोरल्यालाही मधे असाच उतार पडला होता."

आतल्या दाराआड यमू उभी आहे हे मला माहीत होतं. बाळ परत मिळायचं की नाही, ते त्या ओटीवर ठरत होतं आणि नाही असंच ठरत चाललं होतं.

तेवढ्यात पायरीशी ओला पंचा दिसला. ऐन मोहोरात भाऊकाका घराबाहेर पडलेले मी आयुष्यात प्रथम पाहिले. पंच्याच्या आडून ते म्हणाले, "अण्णासाहेब, ऐकू नका. बघायला चला."

"काय बघायला?"

"मला. वरच्या कातळावर बाग आहे. मी कलमाखाली बसतो. तुम्ही शेजारी बसा."

डॉक्टर ताडकन उठले. "भाऊकाका, साठी उलटलीय तुमची. भलतं धाडस नको. दमा उतरवायची सुई टोचली तरी हृदय ती सोसेलच असं नाही."

"तर तुम्ही मोकळे," भाऊकाका म्हणाले. "पण यांना दाखवून झालेलं असेल." बोलून त्यांनी पंचा तोंडावर आणखी घट्ट दाबून धरला.

उन्हं कलताना आम्ही चौघं वर गेलो. बाग नुसती घमघमत होती. एरवी त्या वासानं मी खुळावलो असतो. त्या दिवशी मला तो वास विषासारखा वाटला. भाऊकाका एका कलमाच्या बुंध्याशी बसले, तोंडावरचा पंचा काढून घडी करून बाजूला ठेवला, आणि पोटभर श्वास घेतला.

आधी काहीच झालं नाही. मग घसा खाजल्यासारखा एक सुका खोकला. मग खांदे वर चढायला लागले. हात गुडघ्यांवर रोवले गेले, मान पुढं आली, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताठ झाल्या. आणि छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज निघाला. डॉक्टरांनी बॅग उघडली, तर भाऊकाकांनी हात वर करून थांबवलं. बोलता येत नव्हतं. त्यांनी अण्णासाहेबांकडे बघितलं आणि आपल्या पाठीकडे बोट दाखवलं.

अण्णासाहेब घुटमळले. मग गुडघ्यांवर बसले आणि त्या घामेजल्या पाठीला कान लावला. बराच वेळ तसेच राहिले. वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"हाच आवाज," ते म्हणाले. "सूनबाईंच्या खोलीतनं हाच यायचा. थोरल्याचा असा नव्हता."

डॉक्टरांनी सुई टोचली. आम्ही वाट बघत राहिलो. शीळ उतरेना. भाऊकाकांचे ओठ जांभळे दिसायला लागले, डोळे माझ्यावर खिळले. मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर एकही देव आठवेना. ते मागं कलंडायला लागले तसे अण्णासाहेबांनी त्यांना पाठीमागून धरलं, छातीशी टेकवून बसवलं. आमच्या घरचं पाणी न घेतलेला हा माणूस त्यांचा कफ आपल्या उपरण्यानं पुसत होता. डॉक्टरांनी पुन्हा एकदा, अर्धीच, सुई दिली आणि नाडी धरून बसले. हळूहळू शीळ बारीक झाली. खांदे उतरले. भाऊकाकांनी एक लांब उसासा सोडला आणि रंग परत आला.

"क्षय असा सुईनं उतरत नाही, अण्णासाहेब," डॉक्टर म्हणाले.

दोन दिवसांनी मालगुंडची गाडी आली आणि गाडीत बाळ. मी तेव्हा भाऊकाकांच्या उशाशी कॉफी घेऊन बसलो होतो. ते अजून अंथरुणातच होते. माझं घर मधे एक घर सोडून, त्यामुळे बाळाचं रडणं स्पष्ट ऐकू येत होतं. यमूनं घेतलं असेल तसं ते जास्तच किंचाळायला लागलं.

"जात नाही का आईकडे?" भाऊकाकांनी विचारलं.

"महिना झाला तिला बघून. विसरलं असेल."

ते आढ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या कुटुंबाला वडिलांनी असंच देवरूखला माहेरी पोचवलंनी. खोकायची. क्षय म्हणाले सगळे. मी दारातूनच म्हटलं, जपून जा हो. दोन वर्षं होती तिथं. निरोप यायचे, एकदा येऊन जा म्हणून. मी भ्यालो, मास्तर. गेलोच नाही. मग एक दिवस निरोप आला तो वेगळाच."

"क्षयच होता त्यांना?"

"कोणास ठाऊक. पुढं मला हे लागलं, तेव्हा मनात आलं, तिचं पण असंच वाजत होतं का? किती आठवून बघितलं. पण मी जवळ जाऊन ऐकलंच नव्हतं, तर आठवणार काय? आता विचारायला तिकडं कोणी उरलेलं नाही."

कॉफी निवत होती. मग माझ्या लक्षात आलं की पलीकडचं रडणं थांबलंय. भाऊकाकांनी माझं मनगट घट्ट धरलं. "थांबलं का? बघून ये. पळ."

मी पळत गेलो. यमू झोपाळ्यावर बसली होती. बाळ तिच्या खांद्यावर मान टाकून हुंदके देत होतं, आणि त्याच्या मुठीत तिचे केस होते. अण्णासाहेब शेजारी उभे राहून उगीचच छत न्याहाळीत होते. मी तसाच परत आलो.

"ओळखलंन् हो, भाऊकाका."

"बरं झालं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. त्यांची पाठ हलायला लागली. मी डॉक्टरांना बोलवायला उठलो आणि पुन्हा खाली बसलो. तो दमा नव्हता, एवढं आता मलाही ओळखता येत होतं.