आधी मी, मग अर्धा तास

सातवा महिना लागल्यापासून सूनबाईला कूस बदलायची म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागे. डावा पाय धडाला जिथे जोडलेला असतो, तिथे आत कुणीतरी करवत चालवावी तशी कळ येई. जिन्यावर येई, पायजमा घालायला एका पायावर उभं राहिलं की येई. ती ग्रंथालयात कामाला होती. खालच्या फळीवरचं पुस्तक कुणी मागितलं, की ती हल्ली त्याला वरच्या फळीवरचं दुसरंच काहीतरी वाचायला सुचवत असे.

"बाळ झालं की जातं," सासूबाई म्हणत. त्या हे इतक्या ठामपणे म्हणत की सूनबाईला दुखतंय म्हणायचीही चोरी झाली होती. पण मनातली भीती काही जात नव्हती. नाहीच गेलं तर? बाळाला कडेवर घेऊन फिरायचं कुणी?

शेवटी तिच्या डॉक्टरांनीच सांगितलं, की या दिवसांत सांधे सैल पडतात. गरोदर बायकांना हलक्या हाताने तपासणारी एक कायरोप्रॅक्टर आहे, तिला दाखवून या. पाऊण तासाची वेळ मिळाली, तीही तीन आठवड्यांनंतरची.

"कायरो काय?" सासूबाईंनी विचारलं.

"सांध्यांची डॉक्टर असते, आई. हातानेच ठीक करते," मुलगा म्हणाला.

"पोटुशीची हाडं खेचणार? मी येते बरोबर."

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वर-खाली पोचवणारा हा माणूस घरी मात्र आई आणि बायको या दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला असे. तो "बरं" म्हणाला.

इथे सासूबाईंचा नियम सांगायला हवा. त्या अठ्ठावीस वर्षं एका निवासी शाळेच्या मुख्य स्वयंपाकीण होत्या. तिथे भिंतीवर पाटीच होती: जेवण आधी स्वयंपाकिणीने खायचं, अर्धा तास थांबायचं, तिला काही झालं नाही तर मुलांना वाढायचं. सासूबाई निवृत्त झाल्या, पाटी शाळेतच राहिली, नियम मात्र त्यांच्याबरोबर घरी आला. मुलाचं खोकल्याचं औषध आधी त्या घेत. नवी गादी आली तेव्हा आधी त्या तिच्यावर अर्धा तास झोपल्या. त्यांच्या मायेला शंका घ्यायला जागा नव्हती. फक्त त्या मायेपायी घरात प्रत्येक गोष्ट अर्धा तास उशिरा मिळे.

दवाखाना लहानसा होता. एका कोपऱ्यात कोट अडकवायचा लाकडी खांब, टेबलावर कंबरेच्या हाडांचा पांढरा नमुना आणि मधोमध एक पलंग, ज्याच्या मध्यभागी पोटासाठी खळगा केलेला. कायरोप्रॅक्टर बारीक चणीची, तिशीतली बाई निघाली. सासूबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"हिला बरणीचं झाकण तरी उघडतं का?" त्या मुलाच्या कानात म्हणाल्या. कुजबुजणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"झाकण नवरा उघडतो," बाई हसून म्हणाली. "आजी, तुम्ही बाहेर बसता का जरा?"

"आजी अजून दोन महिन्यांनी. आणि बाहेर कशाला? आधी माझं करा."

"तुम्हाला काही त्रास आहे का?"

"मला काय धाड भरलीय! पण आधी मी, मग अर्धा तास, मग ती."

बाईने मुलाकडे पाहिलं. मुलाने छताकडे पाहिलं. सूनबाई हळूच म्हणाली, "पाचच मिनिटं बघा त्यांना. नाहीतर पाऊण तास वाद घालतील." इतकी वर्षं ग्रंथालयात काढल्यामुळे तिला आवाज चढवायची सवयच नव्हती.

"बरं, एका पायावर उभ्या राहा," बाई म्हणाली.

सासूबाई उजव्या पायावर खांबासारख्या उभ्या राहिल्या आणि सुनेकडे विजयी नजरेने पाहिलं. मग डाव्यावर राहिल्या. म्हणजे राहायला गेल्या. गुडघा लटपटला, हात आधार शोधत कोटाच्या खांबावर गेला, खांब टेबलावर गेला, आणि टेबलावरची पांढरी कंबर घरंगळत मुलाच्या पायाशी आली आणि तिचे दोन तुकडे झाले. त्याने घाईघाईने तुकडे जोडले, पण उलटे.

"चप्पल घसरली," सासूबाई म्हणाल्या. त्या अनवाणी होत्या.

बाईने त्यांना उजव्या कुशीवर निजवलं आणि डाव्या बाजूला, पाय धडाला जिथे जोडलेला असतो तिथे, नुसता अंगठा टेकवला.

"आई गं!"

सूनबाई दचकली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. गेला महिनाभर तोच आवाज ती उशीत तोंड खुपसून दाबत होती.

"किती दिवस दुखतंय हे?" बाईने विचारलं.

"दिवस कसले," सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "बत्तीस वर्षं."

मुलाचं वय बत्तीस होतं. त्याने हातातली कंबर खाली ठेवली.

"म्हणजे माझ्या वेळेपासून?"

"तू काय मुद्दाम केलंस का? गप बस."

"आई," सूनबाई म्हणाली, आणि या वेळी आवाज असा चढला की बाहेरची स्वागतिका दारातून डोकावली. "तुम्ही तर रोज म्हणता, बाळ झालं की जातं!"

सासूबाई भिंतीवरचा पोपडा नखाने खरवडू लागल्या.

"मला माझ्या सासूने सांगितलं होतं तसं. हा झाला, तिने विचारलं, गेलं का? मी म्हटलं, गेलं. गेलं म्हटल्यावर परत कुणी विचारत नाही गं." मग म्हणाल्या, "तुला दुखायला लागलं तेव्हा वाटलं, जात नाही म्हटलं तर घाबरशील."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. राग होता, आणि रागाहून जास्त काहीतरी होतं. इतकी वर्षं या बाई लंगडत नव्हत्या, तर लंगडणं लपवत होत्या, हे एका घरात राहून कुणालाच दिसलं नव्हतं.

स्वागतिका म्हणाली, "दहा मिनिटं उरलीत. पुढचे पेशंट आलेत."

मुलाने घड्याळ पाहिलं. "आई, नियमाप्रमाणे आता अर्धा तास..."

"नियम गेला चुलीत!" सासूबाई पलंगावरून उतरल्या. "तिला घ्या. आत्ताच्या आत्ता."

पुढच्या पेशंटची मान आखडलेली होती. थोडं थांबता का, असं विचारल्यावर त्याला मान आडवी हलवता आली नाही, आणि तोंडाने नाही म्हणण्याइतका तो उद्धट नव्हता. तो थांबला, आणि सूनबाईची पूर्ण पाऊण तासाची तपासणी झाली. काही मोडलं नाही, काही कडकडलं नाही. बाईने हलक्या हाताने दाबलं, पट्टा बांधायला शिकवलं, गाडीतून उतरताना दोन्ही पाय जोडून वळवायला सांगितलं, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवायला सांगितली. "ही जादू नाही," ती म्हणाली. "हळूहळू फरक पडेल. बाळ झाल्यावरही दुखलं तर दाखवायला यायचं. गेलं म्हणून सांगायचं नाही."

शेवटचं वाक्य तिने सासूबाईंकडे बघून म्हटलं.

घरी जाताना मुलाने उशी विकत घेतली. एकच घेतली, कारण बाईंनी एकच सांगितली होती. लिफ्टवाल्या माणसाला जेवढं सांगाल तेवढंच करायची शिस्त असते.

दुपारी सूनबाई उशी घेऊन आडवी झाली. कळ होतीच, पण करवतीची धार जरा बोथट झाल्यासारखी वाटली. ती घड्याळाकडे बघत पडून राहिली. मग दोन्ही पाय जोडून उठली, उशी काखेत मारली आणि सासूबाईंच्या खोलीत गेली. त्या डाव्या कुशीवर वळायच्या खटपटीत होत्या.

"घ्या, आई."

"अगं, तुझी आहे ती!"

"मी बघितली वापरून," सूनबाई म्हणाली. "अर्धा तास झाला. मला काही झालेलं नाही."