केरकोठीच्या पाचव्या खणाची आणि घेवड्याच्या बियांची हकिकत

श्री. घराबाहेर पडलेल्यास पुन्हा घरी आणून सोडणारे जे दैवत, त्यास आधी नमस्कार. शके एकोणीसशे चौदा, अंगिरा नाम संवत्सरे, वैशाख मासी राज्याच्या थोरल्या गाडीतळावर वर्तमान घडले ते ऐसे जे, सरकारी गाड्या चहूकडून येत आणि चहूकडे जात आणि रयत तळावर बसून शेंगा खाई, केळी खाई आणि टरफले, साली, कागद तेथेच टाकून आपल्या वाटेस लागे. मग एके दिवशी तो केर फलाटापर्यंत चढला आणि खुद्द सरकारस्वारीचा जोडा त्यात रुतून राहिला, तेव्हा हुकूम जाहला की केरास कोठी बांधावी आणि कोठीस कायदा असावा. कायदा लिहिण्यास नारोपंत यांस नेमिले. पंत पोथ्यांत रमणारे, भिडस्त, चार माणसांत आवाज फुटत नसे. हुकूम दुसऱ्या कोणाचा असून चुकून आपल्या दारी आला, ऐसेच त्यांस वाटत राहिले. तरी बसले आणि कलमे लिहिली की, विखारी अगर पेटणारा केर या कोठीत घेऊ नये, त्याची व्यवस्था निराळी. साधा केर मात्र चार खणांत निवडून ठेवावा, ओला एकात, कागद एकात, काच व पत्रा एकात, चिंध्या एकात. ओला त्याच दिवशी सूर्यास्ताआधी खतखड्ड्यास जावा. खणांस झाकणे असावी, उंदीर शिरू नये, वाऱ्याने काही उडू नये आणि उतारूंची वाट अडू नये. इतके लिहिले आणि मग पंतांस धास्ती पडली की ज्या वस्तूची जात आपणांस कळणार नाही तिचे काय करावे. मग भीत भीत पाचवे कलम लिहिले की, शंका येईल ते पाचव्या खणात कोरडे झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत राखावे आणि मगच निकाल करावा. झाडलोटीची मुकादमीण हौसाबाई, तिने हे ऐकिले आणि म्हणाली, "पंत, डोक्यात जागा पुरेना म्हणून शंका आता कोठीत ठेवता होय?" पंत हसले आणि घरी जाऊन कष्टी जाहले, कारण त्यांस ते खरे वाटले.

पुढे दिवाण अंताजीराव कोठी पाहण्यास आले. चार खण पाहून मान डोलावली आणि पाचव्यापाशी थबकून बोलिले, "हा बहुधा रिकामाच असतो म्हणे. कलम काढा, खण मोडा आणि जागा पानवाल्यास द्या." पंतांस चार गोष्टी सांगावयाच्या होत्या, परंतु दिवाणांचेच बरोबर असेल ऐसे मनात आले आणि त्यांनी कलम खोडण्यास लेखणी उचलिली. इतक्यात घाटाखालची येसाई नावाची म्हातारी धापा टाकीत दारात आली आणि म्हणाली, "दादा, काल मी इथं गाडी बदलली. बाकाखाली माझी पुडी राहिली. राखेची."

"राख म्हणजे केरच की, बाई," दिवाण बोलिले. "तेवढ्यासाठी परत आलात?"

"राखेत घेवडा हाय, साहेब. कीड लागू नये म्हणून बी आम्ही राखेतच ठेवतो. माझ्या सासूपास्नं चालत आलेलं वाण. लेकीच्या गावचं बी यंदा किडून गेलं आणि माझ्याकडचं सगळं मी बांधून आणलं. घरी एक दाणा ठेवला न्हाई."

हे ऐकून पंत घाबरले, कारण चुलीची राख ओल्यात टाकण्याची तळावर चाल होती, आणि ओला केर आदले दिवशीच खड्ड्यास जाऊन त्यावर पाणी मारिले होते. आणि तो नियमही त्यांनीच लिहिला होता. मग हौसाबाईस बोलाविले. ती पदराने हात पुशीत आली आणि म्हणाली, "सापडली होती खरी. मी ओल्यातच टाकणार होते. पण मनात आलं, चुलीची नसून कुठल्या देवाचा अंगारा असला तर? खड्ड्यात लोटला तर पाप कुणाला लागायचं? मग म्हटलं जाऊ दे, पंतांच्या खणात ठेवावी. लागलं तर पंतांना लागेल."

मग पंत स्वतः गेले. झाकण उचलण्याचे धैर्य होईना, ते हौसाबाईने उचलिले. तळाशी पुडी होती, दोरा तसाच. येसाईने ती सोडली, राखेत बोटे घातली आणि जांभळे काळे दाणे वर आले, एक दाताखाली धरून पाहिला आणि म्हणाली, "टणक हाय." मग ती तेथेच खाली बसली आणि पंतही बसले, आणि हौसाबाई म्हणाली, "आता दोघांना उचलून कोणत्या खणात ठेवू?" तेव्हा येसाई रडता रडता हसली.

मग दिवाण बोलिले, "पंत, त्या कलमाचे काय करावे? आता माझ्याही मनात शंका आली."

पंतांनी वर न पाहता उत्तर केले, "शंका असेल तर कायद्याप्रमाणे उद्यापर्यंत राखावे."

दिवाण मोठ्याने हसले आणि कलम खोडण्याचा आपला हुकूम कागदावर उतरवून पाचव्या खणात ठेवून, झाकण लावून गेले. दुसरे दिवशी तो मागण्यास कोणी आले नाही, तिसरे दिवशीही नाही, आणि मग हौसाबाईने त्याचा निकाल कागदाच्या खणात केला.

येसाईने जाताना पंतांच्या हातावर चिमूटभर दाणे ठेविले. खावे की पेरावे ऐसी पंतांस शंका आली, म्हणून ते पाचव्या खणात ठेविले आणि दुसरे दिवशी कोठीच्या भिंतीलगत पेरिले. पुढे वेल छपरावर गेला, शेंगा लागल्या, आणि दिवाणांकडून माणूस टोपली घेऊन आला. येणेप्रमाणे बी राहिले, कलम राहिले आणि पंतांस रात्री स्वस्थ झोप लागू लागली. हकिकत इतकीच, लिहिण्यात काही शंकेचे वाटल्यास वाचणाऱ्याने लागलीच टाकू नये, दुसऱ्या दिवसापर्यंत राखावे.