आप्पा घर पास करतात

मला बघायला आले तेव्हा आप्पांनी मला बघितलंच नाही. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर पाहुण्यांपैकी एक गृहस्थ आमच्या बैठकीच्या भिंतीला कान लावून उभे होते. हातात एक रुपयाचं नाणं. नाण्यानं टकटक करत त्यांनी भिंत खालपासून हात पोचेल तिथवर वाजवली. मग खिशातून पितळी ओळंबा काढला, दोरी कोपऱ्यात सोडली, एक डोळा मिटून बघितलं आणि माझ्या वडलांना विचारलं, "ओल कवापास्नं हाय?" वडील म्हणाले, गेल्या पावसाळ्यापासून. झालं, एवढीच चौकशी. ना माझं नाव विचारलं, ना शिक्षण. जाताना पुतण्याला म्हणाले, "घर ओळंब्यात हाय. पोरगी बी आसंल." आणि आमचं लग्न ठरलं.

तर हे आप्पा, माझे चुलत सासरे. गाव लोहारा तालुक्यात, माकणीच्या बाजूला. आमच्या ह्यांचे वडील लवकर गेले, तेव्हा ह्यांना शिकवून सवरून नोकरीला लावलं ते आप्पांनी. मूळचे गवंडी. त्र्याण्णवच्या भूकंपात काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर आप्पांनी थापीला हात लावला नाही. वाट्याला आलेली चार एकर कसत राहिले. पण ओळंबा काही खिशातून गेला नाही. सदरा धुवायला टाकला की तो दुसऱ्या सदऱ्यात जातो.

कुणाकडंही गेले की आधी भिंत वाजवणार, मग दाराजवळची खुर्ची धरणार. आत बोलावलं तर, "हितं वारं लई झ्याक हाय." वारं नसलं तरी झ्याक. बँकेत रांगेत नंबर आला तरी दार सोडून पुढं जायचा जीव होत नाही त्यांना. एकदा माझ्या नणंदेच्या लग्नात मंगल कार्यालयाचा खांब वाजवत होते, तर मॅनेजर धावत आला. आप्पा त्याला शांतपणे म्हणाले, "खांब पोकळ बोलतोय. अक्षता जरा लवकर पडू द्या." गुरुजींनी दोन मंगलाष्टकं गाळली.

हे सगळं हसण्यावारी जायचं. न जाणारी एक गोष्ट होती. भूकंपानंतर आमच्या भागात पक्की घरं बांधून मिळाली. लोकांनी त्यात कडबा भरला आणि स्वतः पुढं पत्र्याचं शेड टाकून राहिले. पुढं बाकीच्यांची भीती मोडली, आप्पांची नाही. त्यांच्या पक्क्या घरात अजून सोयाबीन राहतं आणि आप्पा अंगणात पत्र्याखाली. तीस वर्षं हा माणूस स्लॅबखाली झोपला नाही. का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "म्या बांदताना बगितलं न्हाय. आत काय घातलंय मला काय ठावं?"

आम्ही तुळजापूरला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. आप्पा सकाळच्या एसटीनं यायचे, दाराशी बसून जेवायचे आणि दुपारची गाडी धरायचे. मुक्काम नाही म्हणजे नाही. मग एका थंडीत ते त्या शेडमध्ये तापानं फणफणले. तीन दिवस कुणाला पत्ता नाही. शेजारीण ताक द्यायला गेली म्हणून कळलं. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण, त्यात तापट. दवाखान्यातच ह्यांना सांगितलं, आता घर घ्यायचं, तळमजल्यावर घ्यायचं आणि आप्पा त्यात आत झोपले पाहिजेत. नाही झोपले तर मला ते घर नको. हे म्हणाले, बरं. ह्यांचं सगळं बरंच असतं.

त्याच सुमाराला तामलवाडीच्या पुढं, सोलापूर रस्त्याला, देशभर इमारती बांधणाऱ्या एका बड्या कंपनीनं रो-हाऊस बांधायला काढली होती. कंपनीचा थाट काय विचारू नका. रस्ताभर पाट्या. पुस्तिकेत एक गोरी बाई गच्चीत कॉफी पीत तळ्याकडं बघतेय. तळं म्हणजे आमच्या शाळेमागचा ओढा, उन्हाळ्यात त्यात पोरं क्रिकेट खेळतात. पण माझी शाळा चालत दहा मिनिटांवर आणि खाली दाराशेजारीच एक खोली. मला आणखी काय हवं होतं? जोत्यापर्यंत काम आलेलं असतानाच आम्ही बुकिंग केलं.

आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "बगतो." मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणाले. पुढच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर साइटवर गेले, तर आप्पा समोरच्या लिंबाखाली भाकरी सोडून बसलेले. तिथून पुढं पावणेदोन वर्षं दर गुरुवारी दोन एसट्या बदलून हा माणूस येत राहिला. वॉचमननं हाकलून बघितलं. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून एका मुलीचा मला फोन आला, मॅडम, तुमच्या घरचे एक सीनियर सिटिझन आमच्या सळया मोजतात. मी म्हटलं, मोजू द्या, कमी तर होणार नाहीत ना? तिनं फोन ठेवला.

साइटचे इंजिनियर मिश्राजी, लखनौकडचे, पन्नाशीचे, डोक्याला केस नाहीत आणि रागाला जागा नाही. त्यांनी आप्पांना हाकलायचा नाद सोडला आणि एक पिवळं हेल्मेट दिलं. ते हेल्मेट आप्पांच्या मनात असं भरलं की ते घालूनच एसटीत बसायचे. आमच्या भाड्याच्या घरी हेल्मेट घालून जेवले. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "आसू दे, बरं वाटतंय." आणि काय सांगू, त्या दिवशी पहिल्यांदा ते दार सोडून मधल्या खोलीत जेवले.

घर तयार झालं. कंपनीनं ताब्याचा दिवस कळवला. त्यांची पद्धत अशी, एक साहेब चाव्या घेऊन येतो, घर दाखवतो, कागदावर सही घेतो, पेढा देतो, की झालं. दहा मिनिटांचा खेळ. आम्ही भाड्याचं घर सोडायचं सांगून बसलो होतो, वास्तुशांतीला पुढच्या महिन्यातला रविवार गुरुजींकडून काढून घेतला होता. हे पेन उघडणार तोच आप्पांनी त्यांचं मनगट धरलं. "आदी घर पास होऊ दे. मग सही."

साहेबाला वाटलं, म्हातारा पाच मिनिटं बघेल. आप्पांनी तीन आठवडे बघितलं. गुरुवारचा नेम मोडून रोज यायला लागले. एकेक फरशी नाण्यानं वाजवली. "ही बोलतीया. ही बी बोलतीया. ही गप हाय, चांगली हाय." सत्तावीस फरश्या बोलक्या निघाल्या, खडूनं फुल्या मारल्या. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून पाणी कुठं जातं ते उकिडवं बसून बघितलं. पाणी मोरीकडं न जाता उंबऱ्याकडं निघालं तेव्हा साहेब स्वतःच बाजूला सरकला. खिडकीची चौकट दोन सूत तिरकी, म्हणजे पाव इंच. साहेब म्हणाला, पाव इंच कुणाला दिसतं? आप्पा म्हणाले, "मला." पुढं साहेब यायचाच बंद झाला आणि सगळं मिश्राजींच्या गळ्यात पडलं.

माझा जीव मात्र टांगणीला. घरमालक विचारायचा कधी निघता, गुरुजी विचारायचे रविवार धरू का सोडू. कंपनीचं म्हणणं, आधी सही करा, दुरुस्त्या मागाहून होतील. आप्पांचं म्हणणं, आधी दुरुस्त्या, सही मागाहून. घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही तर बांधलेलं घेतलं होतं, तरी नाकी नऊ आले. एकदा मी तडकलेच. म्हटलं, आप्पा, सोन्यासारखं घर आहे, किती खोडी काढाल? ते खडू खिशात टाकून लिंबाखाली जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्यामागं चहा घेऊन गेले.

शेवटी राहिली ती दाराशेजारच्या खोलीची भिंत. ही खोली तुमची, असं मी त्यांना पहिल्यापासून सांगत होते आणि ते नुसतं हूं म्हणत होते. त्या भिंतीचं प्लॅस्टर वरच्या अंगाला फुगलं होतं. कंपनीच्या गवंड्यानं दोनदा काढून केलं, दोन्हीदा आप्पांनी ओळंबा सोडून मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी त्याच्या हातातून थापी घेतली. हे शेजारीच उभे होते, त्यांनी माझा हात घट्ट धरला. पंचाहत्तरीचा माणूस, पण काय हात चालत होता. तासाभरात भिंत आरशासारखी झाली. मिश्राजी दारात उभं राहून बघत होते.

थापी धुऊन ठेवली आणि आप्पांनी मिश्राजींना आमच्याकडच्या हिंदीत विचारलं, "और हिल्या तो?"

पावणेदोन वर्षांत फरशी, मोरी, चौकट, सगळं विचारून झालं होतं. घर हललं तर काय, हे एवढंच राहिलं होतं. मिश्राजी हसले नाहीत. आप्पांच्या शेजारी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर बसले आणि बोटानं जमिनीवर काढून समजावलं. इथं सगळं वजन खांबांवर आणि तुळयांवर आहे, त्यांच्या सळया तुम्हीच मोजल्यात, भिंत नुसता आडोसा आहे. "लिखकर कोई नहीं दे सकता, चाचा. पर इतना खड़ा रहेगा कि आप बाहर आ जाओ."

आप्पांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हंजी भार भितीवर न्हाय. आमच्यात समदा भितीवरच हुता. अडीच हात रुंद भित, दगुड आन माती. म्या रानात राकणीला हुतो, ती आत हुती. भित माज्याच हातची, सूनबाई. ओळंब्यात हुती. एक सूत हिकडं न्हाय, तिकडं न्हाय."

मी कसंबसं म्हटलं, आप्पा, तुमचीच का, सगळ्या गावाची पडली की.

"गावातली निम्मी म्याच बांदली हुती," आप्पा म्हणाले.

ह्यांना एवढी वर्षं घरात राहून हे माहीत नव्हतं. म्हणजे भिंत कुणी बांधली हे माहीत होतं, गावात दुसरा गवंडी होताच कुठं. पण आप्पा ते असं उरात घेऊन पत्र्याखाली पडून राहिलेत, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही समजत होतो, म्हातारा भितो. मला माझीच लाज वाटली. मिश्राजींना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी आप्पांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. आप्पा उठले, धोतर झटकलं आणि ह्यांना म्हणाले, "कर सही. घर पास हाय."

रविवारी वास्तुशांत झाली. गावाकडची माणसं आली, पुरणपोळ्या झाल्या, मिश्राजींनी आमटी दोनदा मागून घेतली. दुपारी पंगती उठल्यावर मी धास्तावलेच, कारण ही आप्पांच्या गाडीची वेळ. आता पिशवी मागतील म्हणून मी ती आधीच माळ्यावर टाकली होती. त्यांनी पिशवी मागितली नाही. दाराशेजारच्या खोलीत गेले. उभ्या उभ्या चारी भिंती बघितल्या, कशालाही हात लावला नाही, आणि कॉटवर आडवे झाले. "दार उगडं ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

मी उंबऱ्यात बसून राहिले. ज्याला त्याला खुणेनं गप्प करत होते. कुणीतरी विचारलं, म्हातारा गेला का? मी नुसतं आत बोट दाखवलं. आमच्या गावचे सत्तरीचे दोन पाहुणे दारात येऊन, आत डोकावून, पायताणं हातात घेऊन परत गेले. त्यांना काही सांगावं लागलं नाही. आप्पा घोरत होते. असलं गोड घोरणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

अडीच तासांनी उठले. तोंड धुतलं, चहा घेतला. कप माझ्या हातात देताना म्हणाले, "सूनबाई, सकाळी म्या लवकर उटतो. च्या जरा येळंवर ठिवत जा."

मी म्हटलं, बरं आप्पा. आणि नव्या स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, पोटभर रडून घेतलं.