धनपाल अण्णा पहिल्यांदा ऐकतात

धनपाल अण्णा गाणी ऐकायच्या आधी पंखा बंद करतात. एप्रिल असो, मे असो, निपाणीची भट्टी झालेली असो, पंखा बंद. 'मधी मधी बोलतोय त्यो,' म्हणतात. मग दाराला आतून कडी, मोबाईल गाद्यांच्या कपाटात, अंगात धुतलेला शर्ट, आणि खुर्चीत ताठ बसून दोन्ही हात गुडघ्यांवर. तुम्हाला वाटेल हा माणूस प्रवचन ऐकतोय, गेला बाजार नाट्यसंगीत तरी. छे. सत्तरीला टेकलेले हे गृहस्थ इंग्लंड-अमेरिकेतलं जुनं इंडी रॉक ऐकतात. आणि ते माझं आहे.

माझं आहे हे मुद्दाम सांगतोय. इंडी रॉक म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या वळचणीला न जाता चार-पाच पोरांनी स्वतःच्या हिमतीवर, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये नाहीतर तळघरात वाजवलेलं रॉक. बेळगावात इंजिनिअरिंगला असताना मला त्याचं वेड लागलं. सुट्टी मिळाली की मी गोव्याची एसटी पकडायचो. तिथल्या समुद्रकाठच्या बाजारात परत निघालेले गोरे लोक आपल्या सीड्या विकायला बसायचे. मेसचं जेवण चुकवून, मित्रांचे बूट घालून मी सीड्यांची एक पेटी भरली. आमच्या अख्ख्या निपाणीत त्या गाण्यांचा वारस मी एकटा होतो आणि मला ते आवडतही होतं. लग्न झाल्यावर बायकोला आधी ही पेटी दाखवली. तिनं ती पलंगाखाली सरकवली.

अण्णा आमचे शेजारी. जैनांचं खातंपितं घर. जन्मभर तंबाखूचा व्यापार केला, पण जिभेला कधी तंबाखू लावली नाही. तळहातावर पान चुरायचं, नाकाशी न्यायचं आणि भाव बोलायचा. आता वखार भाड्यानं दिली आहे. मुलगा बेंगळूरला असतो. पद्मा आक्का, म्हणजे अण्णांची बायको, नातवंडं सांभाळायला म्हणून सहा महिन्यांसाठी तिकडं गेल्या, त्याला आता तिसरं वर्ष लागलं. अण्णा तिकडं चार दिवस राहून परत आले. विसाव्या मजल्यावर घास उतरत नाही म्हणाले.

आक्कांचा व्हिडिओ कॉल लागत नव्हता म्हणून एक दिवस ते माझ्या घरी आले. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळं ज्याला बटण आहे ते सगळं मला येतं अशी गल्लीची समजूत आहे. मी फोन बघत होतो तेवढ्यात त्यांना पेटी दिसली. मुलीच्या टेबलासाठी जागा हवी म्हणून वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ती त्याच दिवशी बाहेर ओढली होती. अण्णांनी एक सीडी उचलली. कव्हरवर भिजलेलं कुत्रं होतं. कुत्रं बरं हाय म्हणाले आणि घेऊन गेले. मुलानं प्रवचनं ऐकायला दिलेला सीडी प्लेअर त्यांच्याकडं होताच. मीही गंमत म्हणून नेऊ दिली. म्हटलं, दोन मिनिटांत कानावर हात ठेवून परत येतील.

आले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी. मी दात घासत होतो. अण्णा उंबऱ्यात उभे, डोळे लुकलुकत होते. म्हणाले, "त्या पोराला सर्दी झाल्या रं. पण खरं बोलतंय."

तेव्हापासून मी जळायला लागलो.

पुढं हा प्रकार वाढतच गेला. अण्णा अल्बमांना कव्हरवरून ओळखतात. कुत्र्याचा, खुर्चीचा, उलट्या छत्रीचा, म्हातारीचा. बँडची नावं त्यांना नकोत. आणि पारखायची भाषा वखारीतली. एखादा अल्बम भावला की 'माल बरोबर वाळलाय' म्हणतात. गिटारी फार झाल्या की 'काडी लई हाय,' म्हणजे पान कमी, देठच जास्त. चकचकीत रेकॉर्डिंग असेल तर तोंड वाकडं करून 'पाणी मारलंय ह्याला,' वजन वाढवायला तंबाखूवर मारतात तसं. एका वेळी एकच अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, मधलं गाणं सोडायचं नाही. मध्ये करंट गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. उलट्या छत्रीचा त्यांनी अख्खा मे महिना पहिल्यापासूनच ऐकला. शेवटचं गाणं कसं आहे म्हणून मला विचारायला आले आणि मी तोंड उघडल्याबरोबर सांगू नकोस म्हणून पळाले.

दाढी करता करता न्हाव्याला ते सांगायचे की स्कॉटलंडात एक पोरगी आहे, ती नीट गात नाही म्हणूनच चांगली गाते. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, पायऱ्यांवर बसून चिकोडीच्या पाहुण्यांना कन्नडमध्ये ड्रमरचं कौतुक सांगायचे. लोक मला रस्त्यात थांबवून विचारायला लागले, "अण्णा कसली गाणी ऐकतात हो? लई नाद लागलाय म्हणे." अहो, नाद मला लागला होता! पंचवीस वर्षं मी ओरडून सांगत होतो तेव्हा एकानं मान वर केली नाही. वर 'बंद कर ती कावकाव' असं ऐकून घेतलं.

पण खरं सांगायचं तर जळायचं कारण ते नव्हतं. माझी जळजळ निराळीच होती. तोच अल्बम मी दुकानात मोबाईलवर लावायचो. तेच गाणं, तोच आवाज, आणि माझ्या डोक्यात टोनर संपल्याचा विचार. पुढचा सूर कुठला येणार ते मला ठाऊक, शब्द पाठ, कुठं कोण खोकलंय तेसुद्धा पाठ. हॉस्टेलच्या गच्चीवर जे गाणं ऐकून मी सकाळपर्यंत बसून राहिलो होतो, ते आता कानावरून पंख्याच्या वाऱ्यासारखं जायचं. आणि हा म्हातारा रोज उठून तेच गाणं पहिल्यांदा ऐकत होता! सीडी विकत घेता येते हो, पहिल्यांदा कुठं मिळतं? मला त्यांचं घर नको होतं, वखार नको होती. त्यांचे कान तेवढे हवे होते.

वैशालीला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हातारा माणूस गाणी ऐकतोय तर तुमच्या का पोटात दुखतंय? मी म्हटलं, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, कळतंय की, न्हाणीघरात तुम्ही 'पाणी मारलंय, पाणी मारलंय' म्हणून पुटपुटत होता.

शेवटी मी एक युक्ती काढली. स्वतःला पहिल्यांदा ऐकता येत नसेल तर निदान पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं तोंड तरी बघावं. दर रविवारी दुपारी चारला मी अण्णांकडं जाऊन बसायला लागलो. अण्णा दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यामुळं चारला लावलेला अल्बम जेवणाआधी बरोबर संपतो. पंखा बंद, घामाच्या धारा, अण्णा खुर्चीत आणि मी समोर सतरंजीवर त्यांच्या भुवयांकडं डोळे लावून. कुठं भुवई वर गेली, कुठं गुडघ्यावरचं बोट हललं, सगळं टिपायचं. चोरीचा माल म्हणा, पण कधी कधी मला खरंच वाटायचं की मीही आत्ताच ऐकतोय.

पेटी रिकामी होत आली. शेवटी एकच राहिला, आणि तो मी मुद्दाम मागं ठेवला होता. अण्णांच्या भाषेत खांबाचा. कव्हरवर धुकं आणि एक दिव्याचा खांब. तो माझा जीव की प्राण. सगळा अल्बम हळू आवाजात चालतो, कुणी शेजारच्या खोलीत झोपलंय अशा बेतानं, आणि सातव्या गाण्यात एकदम, काही सांगासवरायच्या आत, ट्रम्पेट येतं. पहिल्यांदा ते आलं तेव्हा मी उभा राहिलो होतो. ते येईल तेव्हा अण्णांचं तोंड मला बघायचं होतं. एवढं एक बघितलं की मी गप्प बसणार होतो. महिनाभर मी अण्णांना त्याबद्दल सांगून सांगून भंडावलं, ट्रम्पेटचा मात्र पत्ता लागू दिला नाही.

खांबाचा मी त्यांच्या हातात दिला तो जूनमध्ये. त्या रविवारी गेलो तर अण्णांना पित्त झालेलं. पुढच्या रविवारी म्हणाले, आज म्हातारीचा परत ऐकूया, मन लागलंय त्यात. त्याच्या पुढच्या रविवारी परत खुर्चीचा. मला संशयाचा वास यायला लागला. हा माणूस मला चुकवून, आठवड्यात कधीतरी, एकटाच ऐकून बसला असणार! त्या विचारानं मला अन्न गोड लागेना. मी काय करावं? अण्णा पाणी आणायला आत गेल्यावर खांबाच्या डब्याला रबर लावला, उलटा पीळ देऊन. पुढच्या रविवारी बघतो तर रबर सरळ. मी डबा त्यांच्यापुढं धरला.

"अण्णा, तुम्ही ऐकला."

"न्हाय रं. उघडतो, पुसतो, परत ठेवतो. वाजवत न्हाय."

मग त्यांनी सांगितलं की आपण नियम घेतलाय. चातुर्मासात निपाणीत महाराज, म्हणजे जैन मुनी, मुक्कामाला असतात, तेव्हा जैन मंडळी त्यांच्यासमोर आपली आवडीची एखादी वस्तू दिवाळीपर्यंत सोडतात. कुणी गूळ सोडतं, कुणी दही. अण्णांनी खांबाचा सोडला. मी कपाळाला हात लावला. महाराजांनाही कोडं पडलं असणार. त्यांनी विचारलं म्हणे, खूप आवडतं का ते? अण्णा म्हणाले, अजून ऐकलं नाही. महाराज म्हणाले, ज्याची गोडी माहीत नाही ते सोडून काय होणार? तर अण्णा म्हणाले, गोडी ठाऊक आहे, शेजारी महिनाभर सांगतोय. महाराज हसले आणि नियम देऊन टाकला.

आता नियमापुढं मी काय बोलणार? आषाढ ते दिवाळी मी दात-ओठ खात काढली. रविवारी जात होतोच. जुनेच अल्बम पुन्हा पुन्हा लागत होते, अण्णांच्या भुवया आता कुठं हलणार तेही मला पाठ झालं होतं. दिवाळी झाली, महाराज विहार करून पुढं गेले. पुढच्या रविवारी मी घड्याळात चार वाजायच्या आधीच जाऊन हजर. पंखा मीच बंद केला. खांबाचा डबा उचलून अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत टेबलावर ठेवला. "म्होरल्या रविवारी बघूया की," म्हणाले.

त्यांनी परत लावलेला कुत्र्याचा संपेपर्यंत मी कसाबसा दम धरला, मग माझा तोल गेला. मी म्हटलं, अण्णा, तुम्हाला पहिल्यांदा ऐकायला मिळतंय ते मिळतंय, वर त्याची अशी चैन करताय. मला मेलं एकदासुद्धा परत मिळायचं नाही. मी तुमच्यावर जळतो, गेलं वर्षभर जळतोय. मला फक्त तुमचं तोंड बघायचंय, तेवढंही तुम्हाला देववत नाही? आवाज वाढला होता माझा. शेजारच्या घरातला टीव्ही बारीक झाला.

अण्णांनी डब्यावरच्या खांबावरून बोट फिरवलं.

"तुझ्या पेटीतलं हे शेवटचं न्हवं?" ते म्हणाले. "हे ऐकलं की सरलं सगळं. मग तू रविवारी कशाला येशील?"

मी काहीतरी हातवारे केले, कसं हो अण्णा, असं काय म्हणता, असं काहीबाही. त्यांना ते ऐकायचं नव्हतं. ते उठून स्वयंपाकघरात गेले. ऊन अजून खिडकीवर होतं, त्यांच्या जेवणाची वेळ होत आली होती. भांड्याचा आवाज आला म्हणून मीही पाठोपाठ गेलो. वर्षभर या घरात येत होतो, पण त्या दाराच्या आत कधी डोकावलो नव्हतो.

खाली दोन ताटं मांडलेली होती. दोन वाट्या, दोन तांबे. टोपलीत भाकरी, मुगाची आमटी, वाटीत दही आणि शेंगदाण्याची चटणी.

कुणी येणार आहे का, मी विचारलं.

अण्णा भाकरीवरचं फडकं काढत होते. मान वर न करता म्हणाले, "रविवारी दोन मांडतो रं. शेवटचं गाणं झालं की तू उठतोस. तू गेलास की मग एक परत ठेवतो."

आणि त्यांनी दुसरं ताट उचलायला हात पुढं केला, दर रविवारच्या सवयीनं केला असावा. मी त्यांचा हात धरला. मग वैशालीला फोन लावला आणि आज माझी भाकरी करू नकोस म्हणून सांगितलं. साडेपाच वाजलेत, आत्ता कुणाकडं जेवताय, ती विचारत होती. मी फोन ठेवून खाली मांडी घातली.

अण्णांनी आमटी वाढली. आमटीत मीठ जरा जास्त होतं. मी दोनदा वाढून घेतली.

"आणि खांबाचा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "राहू दे अण्णा. काय घाई हाय?"