दोघांनी खेळायची कॅसेट

व्हिडिओ गेमची मॅच सुरू व्हायच्या आधी साळवे सर गळ्यातली शिट्टी वाजवतात आणि समोरच्याला उभं करून त्याच्या बोटांची पी.टी. घेतात. "अंगठे वर! अंगठे खाली! हसू नको, शीर धरंल!" गेम म्हणजे तोच जुना, टीव्हीला जोडायचा, कॅसेट खुपसून खेळायचा.

सर देवळाली प्रवरात पी.टी.चे मास्तर होते. आता रिटायर. एकटेच राहतात. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान त्यांच्या खोलीच्या खाली, त्यामुळं त्यांचा आवाज माझ्या घशातच बसलाय. एकदा फोनवर त्यांच्या आवाजात गंमत केली, तर चर्चमधल्या मावशी मलाच म्हणाल्या, "सर, रविवारी लवकर या, खुर्च्या मांडायच्यात."

राहुरीचा बाजार, श्रीरामपूरचे भंगारवाले, सर कुठं कुठं फिरून कॅसेटी आणतात. त्याही फक्त खेळांच्या. क्रिकेट, टेनिस, फुटबॉल. "मारामारी आपल्यात चालत न्हाई." माळ्यावर जुनी कॅसेट सापडली की लोक किंमत विचारायला त्यांच्याकडंच येतात. सर स्क्रू खोलणार, आतली पट्टी खोडरबरानं पुसणार, लेबल उन्हात धरणार आणि निकाल लावणार, "ओरिजनल हाय. पन एकट्यानं खेळायची. काठावर पास!" आणि लेबल उडालेली, कोपरा फुटलेली, पण दोघांनी खेळायची असली की, "फर्स्ट क्लास!"

"सर, बाजारात उलटं असतं," कुणी म्हणालंच तर, "बाजार तुमचा, निकाल माजा."

निकाल ऐकायचा तर आधी सरांशी एक मॅच खेळायची. त्यात सर हरतात. दूधवाला त्यांना हरवतो, पाद्रीबाबा हरवतात, मी तर चहा पीत पीत हरवतो. हरले की सर मांडीवर थाप मारतात, "आज फॉर्म गेला. उद्या बगतो तुला!" मग आम्ही दुसऱ्या दिवशी परत जिंकायला हजर.

परवा पुण्याहून कॅसेटी जमवणारा एक जण आला. त्याला सरांची फुटबॉलची कॅसेट पाहिजे होती. खोक्यासकट, पुस्तिकेसकट, जशीच्या तशी. म्हणाल ते देतो म्हणाला. सर म्हणाले, "विकायची न्हाई." तो तोंड पाडून खाली आला, आणि मी शहाणा बोलून गेलो, "मॅच लावा की त्यांच्याशी. सर लई कच्चे हायेत."

तो तसाच वर. मी मागं. "सर, मी जिंकलो तर कॅसेट माझी. का घाबरलात?"

पी.टी.च्या मास्तरला हे विचारू नये. सरांनी शिट्टी मारली.

माझ्या जिभेपायी सरांची कॅसेट चालली!

त्या माणसानं रिमोट नीट धरला नव्हता तोवर पहिला गोल. दुसरा मला कळलाच नाही. सरांचे अंगठे दिसतच नव्हते, नुसता टकटक आवाज. हाफ टाइमला सहा-शून्य. पुण्याचे पाहुणे चहा नको म्हणाले आणि गेले.

मी दारातच उभा. "सर, मग आमच्याशी खेळताना काय हुतं तुमाला?"

सर रुमालानं रिमोट पुसत बसले. म्हणाले, "आदी खरं खेळायचो. एक पोस्टमन यायचा, लई गप्पिष्ट. त्याला तीनदा हरवला. चौथ्यांदा पत्र खालीच टाकून गेला."

मी दुसरा रिमोट उचलला. "आज माज्याशी खरं खेळा."

"रुसशील."

"न्हाई रुसत."

नऊ-शून्य. त्यातला एक तर मी माझ्याच जाळ्यात मारला. मॅच संपली. सर टीव्हीकडं बघतच नव्हते, माझ्या पायांकडं बघत होते, उठतोय का म्हणून.

मी मांडी घातली. "परत लावा की, सर."