राईचं मत

आमच्या गावच्या ग्रामसभेत मत देण्याचा अधिकार देवीच्या राईतल्या झाडांना आहे. माणसांनी फक्त चर्चा करायची. ही पद्धत कुणी घातली ठाऊक नाही, पण घालणारा माणसांना ओळखून असणार. माणसं भजीच्या एका प्लेटीवर फिरतात. झाडं जागची हलत नाहीत.

सभा राईच्या कडेला भरते. विषयावर बोलून झालं की सगुण गावकर उठतो आणि तो विषय गाऱ्हाण्यात घालतो, जत्रेत देवीकडे मागणं मागतात त्याच चालीत. मग ऐन, किंजळ, सातवीण, जुना कुंभा, सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. ठराव मंजूर. गाऱ्हाण्याला नाही म्हणायची रीत नाही, आणि आमची झाडं रीतीची पक्की. देवीसमोर वाईट मागायची कुणाची छाती नव्हती, म्हणून इतकी वर्षं भागलं.

मग उल्हास नेवगी सरपंच झाले. देवीच्या कामाशिवाय राईतली काटकी बाहेर न्यायची नाही, हा जुना नियम. नेवगींनी तो मोडला नाही. त्यांनी देवीचं काम वाढवलं. स्लॅबचं मोठं देऊळ, पुढे पेव्हर ब्लॉकचं आवार, गाड्यांना जागा. त्यासाठी राई तोडायची.

खालच्या वाडीतली तारामती मेस्त्री उभी राहिली. तिच्या वाडीचं पाणी राईखालच्या झऱ्याचं.

"सरपंचानू, झाडा गेली तर झरो आटतलो. आमी पियाचा काय?"

"वयनी, देवीचा काम हा. देवी बघतली," नेवगी म्हणाले.

"मगे माझापण गाऱ्हाणा घाला."

मागणी नियमात बसत होती. सगुणने गाऱ्हाणं घातलं, "ही राय आसा तशीच राखूक होयी रे म्हाराजा." झाडं म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग सरपंचांच्या सांगण्यावरून दुसरं घातलं, "ही राय तुझ्या देवळासाठी तोडूक होयी रे म्हाराजा." झाडं तितक्याच भक्तीने म्हणाली, "व्हय म्हाराजा."

दोन्ही ठराव मंजूर झाले. अशा वेळी नंतरचा ठराव खरा धरतात, असं नेवगींनी शांतपणे सांगितलं.

"सगुणदादा, माझा परत घाल," तारामती म्हणाली.

सगुणच्या मुलाला नव्या देवळात पावत्या फाडायला बसवायचं ठरलं होतं. सगुण खाली बघत म्हणाला, "माझो घसो बसलो गो."

मला संताप आला. तो मी घरी घेऊन गेलो, बाकीचेही आपापला घेऊन गेले.

करवत चालली तेव्हा एकही झाड ओरडलं नाही. एकदा हो म्हटल्यावर ओरडणं त्यांना बरं दिसलं नसेल. कुंभा सगळ्यात शेवटी पडला. देऊळ सिमेंटचं झालं. राईतली एक काटकी त्याला लागली नाही. लाकूड ट्रकमधून कुठे गेलं हे विचारायचं तर ठराव हवा होता.

आवारात नेवगींनी शहरातल्या नर्सरीतून बॉटल पाम आणून लावले. ते सारख्या उंचीचे आहेत आणि त्यांच्यावर पाखरू बसत नाही.

उन्हाळ्यात झरा आटला. खालच्या वाडीला टँकर मागवावा असा विषय घेऊन तारामती सभेला आली. या वेळी विरोध कुणाचाच नव्हता. नेवगी स्वतः म्हणाले की मागणी रास्त आहे. सगुणचा घसा आता मोकळा होता. त्याने पामच्या रांगेसमोर उभं राहून मनापासून गाऱ्हाणं घातलं, "खालच्या वाडीतल्या लेकरांका पाणी मिळांदे रे म्हाराजा."

पाम गप्प राहिले. सगुणने पुन्हा घातलं. वारा आला, झावळ्या हलल्या, पण शब्द आला नाही. त्यांना आमची भाषा येत नसावी.

"मंजूर करणारो कोण नाय. ठराव पडलो," नेवगी खेदाने म्हणाले.

तारामती उठली आणि पामच्या रांगेत जाऊन उभी राहिली. "व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

"वयनी, तुमका मत नाय."

"माका ठावक हा," ती म्हणाली, आणि तिथून हलली नाही. सभा संपली, आम्ही खुर्च्या उचलल्या. आता पाखरं तिच्यावर बसतात.