नदीपार विकलेली हाक

बाळांनो, आधी एक सांगा. विश्वास कोणावर ठेवावा? ज्याच्या दुकानाची पाटी मोठी त्याच्यावर, की ज्याच्या दुकानाला पाटीच नाही त्याच्यावर? घाई करू नका. माझ्या दुकानाची पाटी दुकानापेक्षा रुंद आहे, तेव्हा जरा जपूनच बोला. नाहीतर राहू द्या. गोष्टच ऐका.

एका जंगलात वानरं राहायची आणि चितळं राहायची. वानरं झाडावर, चितळं झाडाखाली. वानरं कोवळा पाला थोडा खायची आणि पुष्कळ सांडायची. सांडलेला पाला चितळं खायची. वाघ दिसला की वरचा वानर ओरडायचा, "खॅक्! खॅक्!" खालची चितळं शेपट्या उभारून पळायची. वाघाचा वास आधी आला, तर चितळं ओरडायची आणि वानरं शेंड्याला जायची. यात करार नव्हता, शिक्का नव्हता. बापाने केलं म्हणून मुलगा करायचा.

आता इतकं फुकटात चाललेलं बघून कोणाला वाईट वाटणार? व्यापाऱ्याला.

त्या जंगलात झुंबरशेठ नावाचा साळिंदर होता. अगदी माझ्यासारखा. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण शाळा कशा चालवाव्यात हे सगळ्यांना सांगायचा. झाडावर चढता यायचं नाही, पण झाडांवरच्या धंद्यातलं सगळं कळायचं. मनाने वाईट नव्हता हो. आलेल्याला बसवायचा, पाणी द्यायचा, मुलाबाळांची चौकशी करायचा आणि मगच त्याच्या गळ्यात माल मारायचा.

नदीच्या पलीकडे दुसरं जंगल होतं. त्याला पैलवन म्हणत. पैलवनात अंजिरांची झाडं होती. तिथली वानरं अंजिरं खाऊन इतकी जाड झाली होती, की त्यांना फांदीवर बसवेना. मग वाघ कोण बघणार? म्हणून तिकडून एक बगळा आला. पांढराशुभ्र, एका पायावर उभा राहून बोलणारा.

बगळा म्हणाला, "तुमच्या नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडावरून आमचं सगळं रान दिसतं. तुमची वानरं आमच्यासाठी ओरडतील का? आम्ही अंजिरं देऊ."

झुंबरशेठने विचारलं, "टोपलीने की मोजून?"

"टोपलीने."

"मग ओरडतील. आमची वानरं जन्मतःच ओरडी आहेत. वाघ नसला तरी ओरडतील."

"नको, नको. वाघ असेल तेव्हाच."

"बरं, बरं. मग थोडं शिक्षण द्यावं लागेल. त्याची टोपली वेगळी."

शिक्षण सुरू झालं. पैलवनातल्या हरणांना "खॅक्" आवडत नसे. त्यांच्या कानाला ते गावठी वाटे. त्यांना असं हवं असे: "नमस्कार. आपल्या डाव्या हाताच्या झुडपात वाघ आहे. आपण पळू शकता. आणखी काही मदत करू का?" वानरांनी हे घोकलं. कोंडाजी नावाचा थोराड वानर सगळ्यांत हुशार निघाला. पैलवनात कोंडाजी म्हणता येत नाही, म्हणून त्याचं नाव कॉनी ठेवलं. कोंडाजीच्या आईला पहिल्यांदा वाईट वाटलं. टोपली घरी आल्यावर तीसुद्धा कॉनी म्हणायला लागली.

बघता बघता सगळी वानरं नदीकाठी गेली. अर्जुनाच्या फांद्यांवर दाटी झाली. तोंडं पैलवनाकडे, शेपट्या आपल्या जंगलाकडे. झुडपाझुडपाखाली हाकेच्या शाळा निघाल्या. मुलगी दाखवायला आलेला बाप आधी विचारायचा, "मुलगा अर्जुनावर असतो ना?" नुसता चिंचेवर बसणारा मुलगा असेल, तर चहासुद्धा निम्माच मिळायचा.

राजा अस्वल होता. त्याने मोठी सभा भरवली आणि जाहीर केलं, "हाकेच्या धंद्यात आपलं जंगल साऱ्या जगाच्या पुढे आहे!" झुंबरशेठने भाषण केलं. त्याने जन्मात एक हाक मारली नव्हती. पण अर्धा दिवस बोलला. मीही असा एका सभेत बोललोय. विषय काय होता ते मला खाली उतरल्यावर कळलं.

आता या जंगलात चंद्री नावाची एक चितळीण होती. तिला नुकतंच पाडस झालं होतं. पाडसाचे पाय अजून एकमेकांत अडकायचे. पाणवठ्यावर जायचं तर वर कोणीतरी बघायला हवं. ती कोंडाजीच्या झाडाखाली गेली.

"कोंडाजीभाऊ, जरा मागे वळून बघत जा ना. मी पाणी पिईस्तोवर."

कोंडाजी खाली न बघता म्हणाला, "चंद्री, कामावर आहे गं मी."

"एक हाक मारायची. त्याला काय लागतं?"

"घरच्या हाकेला काय मिळतं? पाला. तोही मीच सांडलेला!"

"तुझ्या लग्नात मीच रात्रभर वाघाचा वास घेत उभी होते रे."

"म्हणून तर ओशाळं वाटतं. पण मान वळवली, की टोपलीतली अंजिरं कापतात. रागावू नको."

चंद्री रागावली नाही. ती पाडसाला घेऊन झुडपात थांबली आणि दवावर भागवायला लागली. बाकीची चितळं मात्र सवयीने पाणवठ्यावर जात होती. वर बघायची, वर कोणी नसायचं. वाघाचं वजन वाढलं. वाघ जाताना अर्जुनाकडे बघून मान लववायचा. इतका धंदेवाईक प्राणी मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी चितळं राजाकडे गेली. राजाने झुंबरशेठला बोलावलं.

"शेठ, आपल्याकडे ओरडणारं कोणी राहिलं नाही. काय करायचं?"

झुंबरशेठ लगेच म्हणाला, "महाराज, विकत आणू. पैलवनात उत्तम हाक मिळते. तिकडे एकही हरीण मरत नाही."

इथे थोडं थांबतो. आमची ही चकल्या करते. तिच्या चकल्या शहरातला एक दुकानदार न्यायचा. एकदा दिवाळीत मी शहरातून एक झकपक पुडा आणला आणि घरात सगळ्यांसमोर म्हणालो, "बघ, चकली अशी असते. तुला कधी जमायची?" हिने नुसता पुडा उलटा केला आणि चकल्यांवरची तिच्याच मोडक्या सोऱ्याची खूण दाखवली. तेव्हा झुंबरशेठला हसू नका. निदान माझ्यासमोर तरी.

तर पैलवनाशी करार झाला. आपल्या जंगलात वाघ आला, की पैलवनातून एक पोपट उडत येणार आणि चितळांना सावध करणार. पोपट हिरवागार, गळ्यात लाल पट्टी, बोलणं गोड. राजा खूश झाला. मग कोणीतरी विचारलं, की आपल्याकडे वाघ आलाय हे पैलवनाला कळणार कसं? बगळा म्हणाला, "त्यासाठी आम्ही उत्तम टेहळे नेमले आहेत." ते टेहळे म्हणजे कोंडाजी आणि मंडळी. आता निम्मी वानरं आपल्या जंगलाकडे तोंड करून बसली. फक्त वाघ दिसला तर चितळांना सांगायचं नाही. नदीपार सांगायचं. तिकडे बुलबुल ते ऐकणार, नीट शब्दांत बसवणार, पोपटाला पढवणार आणि पोपट इकडे येणार. मधेच कोणी थेट "खॅक्" केलं, तर करार मोडला.

चंद्रीने विचारलं, "कोंडाजी माझ्या डोक्यावर बसलाय. तो मलाच का नाही सांगत?"

झुंबरशेठ कौतुकाने हसला. "अगं वेडे, मग हाकेला दर्जा कुठून येणार?"

उद्‌घाटनाचा दिवस ठरला. पहिला मान चंद्रीला मिळाला. पाणवठ्याला पानांचं तोरण बांधलं. राजा उंचवट्यावर बसला. झुंबरशेठ भाषणाला उभा राहिला. चंद्रीला पाणी प्यायचंच होतं. दवाने तिचं दूध आटत आलं होतं. तिने पाडसाला पोटाशी घेतलं आणि मान खाली घातली.

करवंदीच्या जाळीमागे वाघ होता.

कोंडाजीने पाहिलं. त्याचा घसा "खॅक्" म्हणून वर आला. त्याने तो दोन्ही हातांनी दाबला, नदीकडे वळला आणि म्हणाला, "नमस्कार. मी कॉनी बोलतोय. पाणवठ्याच्या मागे वाघ आहे."

पलीकडून बुलबुल म्हणाला, "कृपया थांबा. आपली हाक आमच्यासाठी मोलाची आहे."

"थांबायला वेळ नाही! पाडस आहे तिथे!"

"कोणता पाणवठा? वरचा असेल तर एकदा ओरडा, खालचा असेल तर दोनदा."

वाघ जाळीतून बाहेर आला. तो चंद्रीकडे निघाला होता, पण वाटेत झुंबरशेठ उभा होता. झुंबरशेठ "दर्जा" या शब्दावर आला होता. त्याने वळून पाहिलं आणि त्याच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. शेपटीचे पोकळ काटे एकमेकांवर आपटले. खळ्ळ् खळ्ळ् खळ्ळ्! असा आवाज त्या जंगलात कित्येक दिवसांत झाला नव्हता. चंद्रीने मान वर केली, पाडसाला ढुशी दिली आणि दोघं करंजाच्या राईत दिसेनाशी झाली. वाघाच्या पंजात चार काटे गेले. तो लंगडत आणि शिव्या देत परतला.

सगळं शांत झाल्यावर पोपट आला. तोरणावर बसून म्हणाला, "नमस्कार. आपल्या परिसरात वाघ येऊ शकतो. ही सूचना आपल्याला कशी वाटली?"

राजाने चौकशी केली. निष्कर्ष निघाला, की पोपट अगदी वेळेवर आला होता. वाघ लवकर आला.

दुसऱ्या दिवशी चंद्री झुंबरशेठच्या बिळाशी गेली. बाहेर टोपल्या रचल्या होत्या.

"शेठ, तुमचे उपकार झाले. रोज पाणी प्यायच्या वेळी एवढं वाजवत जा ना. पाला मी आणून देईन."

झुंबरशेठ खाली बघून म्हणाला, "चंद्री, खरं सांगू? ते मी वाजवलं नव्हतं. ते वाजलं."

"चालेल. वाजू दे. मी उभी राहते तुमच्याजवळ."

"तेच तर. आता वेळ नाही गं. काल तो बगळा सभेत होता ना? त्याने ऐकलं. पैलवनाला खळखळाट हवाय. रोज नदीकाठी जाऊन वाजवायचं. अस्सल आपल्या जंगलाचा आवाज आहे, मागणी फार आहे. घरी वाजवायला अंगात जोर राहत नाही."

चंद्री त्याच्याकडे बघत राहिली. मग टोपल्यांकडे बघत राहिली. मग पाडसाला म्हणाली, "चल."

नदीला उतार होता तिथे ती पाण्यात शिरली. पाडस तिच्या पाठीला नाक लावून पोहत होतं. पलीकडे जाऊन तिने अंग झटकलं आणि ती पहिल्यांदा, कुठेही न बघता, पोटभर पाणी प्यायली. तेवढ्यात नदीवरून खणखणीत हाक आली.

"नमस्कार. मी कॉनी बोलतोय. आपल्या डाव्या हाताला वाघ आहे. आपण उजवीकडे पळू शकता."

ती उजवीकडे पळाली. वाघ गेल्यावर परत काठावर आली आणि ओरडली, "कोंडाजीभाऊ! अरे मी चंद्री!"

अर्जुनावरून आवाज आला, जरा चिरका. "माफ करा बाईसाहेब. आम्हाला घरगुती बोलायची परवानगी नाही. पाडस मजेत आहे ना? आणखी काही मदत करू का?"

इकडे राजाला बातमी कळली. त्याने पुन्हा सभा भरवली. "आपल्या जंगलाची लेक पैलवनात सुखरूप आहे! केवढी अभिमानाची गोष्ट!" टाळ्या झाल्या. पाणवठ्यावरची चितळं मात्र टाळ्यांना आली नव्हती. ती आता उताराशी रांगेत उभी होती.

तात्पर्य : आपली माणसं आपल्या हाकेला धावून यावीत असं वाटत असेल, तर आधी त्यांचं परकं गिऱ्हाईक व्हावं.

आणि बाळांनो, एक विनंती. झुंबरशेठने त्या दिवशी आपल्या हिशेबाच्या वहीत चंद्री आणि तिचं पाडस निर्यातीत मांडलं. त्याच्या जागी मी असतो, तर मीही तेच केलं असतं आणि वर पेढे वाटले असते. तुम्ही मात्र हिशेब खरा ठेवा. गेलं ते गेलं असंच लिहा.